रत्नागिरीवरच्या उन्हाचं वजन

एप्रिलातल्या निरभ्र दुपारी रत्नागिरी जिल्ह्यावर जे ऊन पडतं, त्याचं वजन काढता येतं. त्याला तराजू लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. सूर्य डोक्यावर आणि हवा स्वच्छ असेल, तर दर चौरस मीटरला साधारण १,००० वॅट इतकं ऊन मिळतं. गुणाकार केला की येतात ८२ लाख मेगावॅट. जयगडच्या वीजकेंद्राची क्षमता १,२०० मेगावॅट आहे. म्हणजे मंडणगडापासून राजापुरापर्यंत कौलांवर, कलमांवर, सड्यांवर आणि खाड्यांवर त्या घटकेला अशा सहा हजार आठशे केंद्रांइतकी शक्ती उतरत असते. आता आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे या ऊर्जेला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागायचं, म्हणजे तिचं वस्तुमान कळतं. उत्तर येतं सेकंदाला ९१ मिलिग्रॅम. पाऊण तासाला अडीचशे ग्रॅम, म्हणजे चांगल्या आकाराचा एक हापूस. सबंध जिल्ह्यावर पाऊण तास तळपलेलं भर दुपारचं ऊन एका आंब्याएवढं भरतं.

पावसाचाही हिशेब इथेच करू, कारण रत्नागिरीबद्दल बोलायचं आणि पाऊस टाळायचा हे जमण्यासारखं नाही. जिल्ह्यात वर्षाला सव्वातीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे सगळं पाणी आधी समुद्रावरून वाफ होऊन वर गेलेलं असतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण साडेचोवीस लाख जूल उष्णता लागते. त्या दराने जिल्ह्याच्या वर्षभराच्या पावसासाठी लागलेली उष्णता मोजली आणि तिचं वस्तुमान काढलं, तर ते पाऊण किलोच्या आत भरतं. तीन हापूस. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, कोदवली यांचे पूर, २०२१च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलेलं पाणी, खाचरांतला भात, विहिरींना फुटणारे पाझर, या सगळ्यांमागची वाफ तेवढ्या उन्हाने उचललेली असते.

सबंध पृथ्वीला मिळणारं ऊन सेकंदाला दोन किलोच्या आत येतं. सूर्य मात्र दर सेकंदाला ४२ लाख टन वस्तुमान प्रकाशरूपाने उधळतो आणि त्यातला २२० कोटींतला एक भाग आपल्या वाट्याला येतो. हे गेली ४५७ कोटी वर्षं चालू आहे. एवढ्या काळात सूर्याने नव्वदेक पृथ्व्या घडतील इतकं वस्तुमान नुसत्या प्रकाशात घालवलं. पण त्याच्या एकूण वस्तुमानाच्या दहा हजार भागांतले तीन भागही त्यात खर्ची पडलेले नाहीत.

उन्हाचं असं वजन काढणं म्हणजे उन्हाची गोडी घालवणं, असं मानणारी सुजाण माणसं मला भेटत आली आहेत. मांडवीच्या धक्क्यावर सूर्यास्त बघताना प्रकाशकण आणि अंश-कला आठवायला लागल्या की सूर्यास्त हातचा गेला, असं त्यांचं म्हणणं. मला हे मनापासून पटत नाही. मांडवीला सूर्याचं बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने ते अख्खं क्षितिजाखाली गेलेलं असतं. क्षितिजाजवळ हवेच्या थरांतून येताना प्रकाश ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकतो आणि सूर्याचं बिंब आहे ३२ कलांचं. शिवाय तो प्रकाश सूर्यावरून निघून ८ मिनिटं १९ सेकंद झालेली असतात. बुडून गेलेला सूर्य, तोही आठ मिनिटांपूर्वीचा, हवेने उचलून धरलेला आपण बघतो. हे माहीत असलेल्या माणसाला सोनेरी रंग काही कमी दिसत नाही. त्याला रंगही दिसतो आणि हेही दिसतं. विजयदुर्गच्या हेलियमच्या गोष्टीतही हेच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. १९८१मध्ये जिल्ह्याचं विभाजन होईपर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यात होता. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. तिथे सांगितली जाणारी गोष्ट अशी, की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या आणि सूर्यावर हेलियम शोधून काढला. या तारखेला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. कोकणातल्या एका गडावर लोक एका मूलद्रव्याचा वाढदिवस करतात, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की गोष्ट बदलते. १८६८च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते युद्ध खात्यात कारकुनी करत आणि फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करत. त्या दिवशीची चंद्राची सावली आपल्या किनाऱ्यावरून हिंदुस्थानात शिरली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर असं करत मछलीपट्टणला पूर्वेच्या समुद्रावर गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन ढगांच्या फटीची वाट बघत बसले होते. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन होते. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन होते. खग्रास स्थिती तिथे पाच मिनिटांहून जास्त टिकली आणि सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना लखलखीत रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं जान्सेन यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्यांनी वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेवर नेमकी आणून ठेवली आणि रेषा दिसल्या.

लॉकियर यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्यांचं यंत्र तयार व्हायला उशीर झाला. ते हातात आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ला त्यांनी इंग्लंडमधूनच, कोणत्याही ग्रहणाशिवाय, त्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, पोहोचली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांची मुखं कोरून एक पदक पाडलं.

त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा सगळ्यांना माहीत होत्या, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. ही तिसरी ५८७.६वर होती. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दीडसुद्धा नाहीत. पंधरा कोटी किलोमीटरवरून आलेल्या उजेडात एवढासा फरक पकडून लॉकियर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी एडवर्ड फ्रँकलंड यांनी तर्क केला, की पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नसलेलं एक मूलद्रव्य सूर्यावर आहे. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. अनेकांनी ते मानलं नाही. सत्तावीस वर्षांनी, १८९५च्या मार्चमध्ये, लंडनमध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेला वायू तपासला आणि तीच पिवळी रेषा प्रयोगशाळेच्या टेबलावर उमटली.

मग विजयदुर्गचं काय? लॉकियर विजयदुर्गला आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ला पुन्हा खग्रास ग्रहण होतं आणि त्याची सावली विजयदुर्गवरून जाणार होती. ‘मेलपोमीन’ ही ब्रिटिश युद्धनौका तिथे येऊन थांबली, किल्ल्यात छावणी पडली, आणि नौकेवरच्या अधिकाऱ्यांना व खलाशांना निरीक्षणाची कामं नेमून तालीम देण्यात आली. जानेवारीतलं कोकणातलं आकाश आणि ऑगस्टमधलं, यांतला फरक इथल्या माणसाला सांगायला नको. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास होती. त्याच सावलीच्या वाटेवर पुढे, सोलापूरकडच्या जेऊरला, पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं मांडून होते. साहेबाच्या ओट्यांचा संबंध असलाच तर तो या १८९८च्या छावणीशी असावा, असं माझं मत आहे.

आता कोणी म्हणेल, की चांगली गोष्ट होती, ती उगाच मोडली. एक साहेब गडावर उभा राहिला आणि त्याला हेलियम दिसला, इथे ती गोष्ट संपत होती. खऱ्या गोष्टीत दोन माणसं ग्रहणाची गरजच संपवतात, एक मूलद्रव्य आधी सूर्यावर आणि सत्तावीस वर्षांनी जमिनीवर सापडतं, आणि ते सापडल्यानंतर त्याला नाव देणारा माणूस आपल्या गडावर येऊन पुन्हा सूर्याकडे बघतो. शिवाय, तो ज्या सूर्याकडे बघत होता तो इतकी वर्षं तळपतो कशावर, हे त्या दिवशी जगात एकालाही ठाऊक नव्हतं.

ते अज्ञान केवढं होतं, हे आकड्यांतच कळतं. त्या काळी भौतिकशास्त्रात लॉर्ड केल्विन यांचा शब्द शेवटचा होता. सूर्य स्वतःच्या वजनाने आकुंचन पावतो आणि त्यातून उष्णता निघते, असं धरून त्यांनी सूर्याचं वय मोजलं होतं, आणि पृथ्वी तापलेल्या अवस्थेतून थंड होत आली असं धरून पृथ्वीचं. १८९७च्या सुमाराचा त्यांचा आकडा होता दोन ते चार कोटी वर्षं. कोकणातल्या सड्यांचा जांभा ज्या बेसॉल्टपासून तयार झाला, ते लाव्हाचे थर आहेत साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे लॉकियर यांनी ज्या किनाऱ्यावर तंबू ठोकला, त्याचा खडक तेव्हाच्या सूर्यापेक्षा जुना होता.

त्याच १८९८ साली, एप्रिलमध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षित वारले. हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूडचे, धोंडो केशव कर्व्यांच्या गावचे. शिक्षकाची नोकरी करत त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला, तो १८९६ला प्रसिद्ध झाला, आणि आजही त्या विषयावर लिहिणाऱ्याला तो बाजूला ठेवता येत नाही. त्यांना आयुष्य मिळालं अवघं ४४ वर्षांचं. पंचांगातलं गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे, या आग्रहापायी ते सायन पंचांगाच्या बाजूने लढले. आणि याच माणसाने ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. सिद्धांतग्रंथांतली ग्रहगणितं तपासणाऱ्या अभ्यासकाला आकाशाकडे बघणं ही मौज वाटत होती आणि ती लोकांना द्यावी असंही वाटत होतं. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी दीक्षितांचं नाव जितक्या वेळा घ्यायला हवं, तितक्या वेळा ते घेतलं जात नाही.

दीक्षितांच्या इतिहासात ज्या ग्रंथांची चर्चा आहे, त्यांत मोठ्या संख्यांची कमी नाही. कल्प ४३२ कोटी वर्षांचा. सूर्याचं आजचं मान्य वय ४५७ कोटी वर्षं. हे दोन आकडे जवळ बघून आनंदणारे बरेच असतात. मी तो आनंद बाजूला ठेवतो, कारण ४३२ कोटी ही संख्या ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात बसवण्यासाठी योजलेली आहे. सूर्य किती जुना, हे मोजण्याचा तो प्रयत्न नव्हताच. पृथ्वीचं वय नीट मोजलं क्लेअर पॅटरसन यांनी, १९५६मध्ये, उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून: ४५५ कोटी वर्षं, सात कोटींनी इकडे-तिकडे. केल्विन चुकले, पण ते कुठे चुकले हे शोधता आलं. आणि या शोधण्यातूनच पुढचं सगळं हाती लागलं. त्या जुन्या ग्रंथांनी आपल्याला मोठ्या संख्यांची नावं मात्र दिली, ती मी कृतज्ञतेने वापरतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली यादी परार्धापर्यंत जाते, म्हणजे १ वर १७ शून्यं. सूर्याचं वय सेकंदांत मांडलं तर येतं जवळजवळ दीड परार्ध.

दीड परार्ध सेकंद हा सूर्य कशावर चालला? उत्तर हेलियममध्येच होतं. १९२०मध्ये फ्रान्सिस अॅस्टन यांनी अणूंची वजनं बारकाईने मोजली आणि हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू शेकडा पाऊणएक भागाने हलका आहे, हे दाखवलं. आर्थर एडिंग्टन यांनी त्याचा अर्थ लावला: सूर्यात हायड्रोजनचा हेलियम होत असेल, तर ती घटलेली वजनाची चिमूट ऊर्जा होऊन बाहेर पडते आणि सूर्याला अब्जावधी वर्षं पुरते. हे त्यांनी कार्डिफच्या सभेत २४ ऑगस्ट १९२०ला सांगितलं. लॉकियर १६ ऑगस्ट १९२०ला वारले होते. चौऱ्याऐंशी वर्षं जगलेल्या माणसाला आपल्या पिवळ्या रेषेच्या मूलद्रव्याचं खरं महत्त्व ऐकायला आठ दिवस कमी पडले. हे वाचतो तेव्हा माझ्या मनाला दर वेळी चटका बसतो.

आज आपल्याला माहीत आहे, की सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो. हा आकडा ऐकून डोळ्यांपुढे भयानक धगधगणारं काही उभं राहतं. पण सूर्याने दिलेली एकूण शक्ती त्याच्या वस्तुमानाने भागून बघा. किलोमागे येते एका वॅटच्या पाच हजाराव्या भागाइतकी. साठ किलोचा माणूस स्वस्थ बसलेला असताना ऐंशी-नव्वद वॅट उष्णता टाकत असतो, म्हणजे किलोमागे जवळजवळ दीड वॅट. वजनाला वजन धरलं तर ओटीवर झोपाळ्यावर बसलेल्या आजी सूर्याच्या सात हजार पट उष्ण इंजिन आहेत. सूर्याच्या अगदी मध्याशी, जिथे तापमान दीड कोटी अंश आहे, तिथेही एका घनमीटरमध्ये निर्माण होणारी शक्ती पावणेतीनशे वॅटच्या आसपास असते, म्हणजे खोलीत तीन माणसं बसली तर होते तेवढी. सूर्य तळपतो तो त्याच्या आकारमानामुळे. त्यात तेरा लाख पृथ्व्या मावतील. घनफळ व्यासाच्या घनाने वाढतं आणि पृष्ठभाग वर्गानेच, म्हणून आतली मंद उष्णता बाहेर पडायला जागा अपुरी पडते आणि साचत साचत कोट्यवधी अंशांवर जाते.

ही प्रक्रिया एवढी मंद का, याचं उत्तर मला सगळ्या विज्ञानात अत्यंत सुंदर वाटतं. हायड्रोजनची दोन केंद्रकं, म्हणजे दोन प्रोटॉन, एकमेकांना दूर लोटतात. दीड कोटी अंशांवरही जवळ यायला त्यांचा वेग पुरत नाही. पुंजयामिकीच्या नियमांनुसार क्वचित एखादी जोडी मधली भिंत ओलांडून जाते. जवळ आलेल्या जोड्याही बहुतेक लगेच फुटतात. त्या निमिषार्धात दोघांपैकी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन झाला, तरच ती जोडी टिकते, आणि हे अतिशय दुर्मिळ आहे. गाभ्यातल्या एका प्रोटॉनला अशी जोडी जमायला सरासरी हजार कोटी वर्षांच्या घरात वाट बघावी लागते. विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. तरीही सूर्य चालतो, कारण वाट बघणाऱ्या प्रोटॉनांची संख्या १ वर ५६ शून्यं इतकी आहे, आणि त्यातल्या कोणाचा ना कोणाचा नंबर प्रत्येक क्षणी लागतोच. ते जर इतके अडून राहिले नसते, तर सूर्य कधीच एका स्फोटात संपला असता, आणि कोकणात बेसॉल्टचा थर पडण्याइतकाही वेळ मिळाला नसता.

तिथे निर्माण झालेली ऊर्जा प्रकाशरूपाने गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत यायला हजारो वर्षं घेते. काही गणितांनुसार लाख-दीड लाख. दर पावलाला ती शोषली जाते आणि पुन्हा भलत्याच दिशेने सोडली जाते. पण त्याच घडामोडीत न्यूट्रिनो नावाचे कण सुटतात, आणि ते दोन-सव्वादोन सेकंदांत सूर्याबाहेर पडतात. पृथ्वीवर पोहोचलेले असे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात. रात्री रत्नागिरी झोपलेली असते तेव्हाही त्यांची संख्या कमी होत नाही, फक्त दिशा बदलते: सूर्य तेव्हा पायाखाली असतो, आणि ते सगळी पृथ्वी भेदून जमिनीतून वर येतात. इटलीत डोंगराखाली बसवलेल्या ‘बोरेक्सिनो’ या यंत्राने सूर्यातल्या मूळ प्रोटॉन-प्रोटॉन प्रक्रियेतून आलेले न्यूट्रिनो मोजले आणि निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूट्रिनो सांगतात सूर्याचा गाभा आज काय करतो आहे. ऊन सांगतं त्याने हजारो वर्षांपूर्वी काय केलं. दोन्ही हिशेब जुळले. तो शोधनिबंध आला ‘नेचर’ या नियतकालिकात, आणि ‘नेचर’ १८६९मध्ये सुरू केलं होतं लॉकियर यांनीच.

आता त्या पिवळ्या रेषेकडे परत येतो. हेलियम सूर्याच्या गाभ्यात तयार होतो, म्हणून १८६८ला दिसलेला हेलियम हा सूर्याने तयार केलेला, असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरं नाही. गाभ्यातला हेलियम वर येत नाही. ढवळलं जाणारं क्षेत्र सूर्याच्या बाहेरच्या तीस टक्क्यांपुरतंच आहे. सूर्याच्या कडेवर जो हेलियम जान्सेन आणि लॉकियर यांनी पाहिला, तो जवळजवळ सगळा सूर्यापेक्षाच नव्हे, कोणत्याही ताऱ्यापेक्षा जुना आहे. १,३८० कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या आरंभानंतरच्या पहिल्या वीसेक मिनिटांत तो तयार झाला. तेव्हाच्या साध्या द्रव्याचा वजनाने चौथा हिस्सा हेलियम होऊन बसला, आणि त्यातला काही पुढे सूर्याच्या वाट्याला आला.

रॅम्से यांना खनिजात सापडलेल्या हेलियमचा जन्म आणखी वेगळा. युरेनियमचा अणू टप्प्याटप्प्याने मोडत शिसं होतो, तेव्हा वाटेत आठ अल्फा कण टाकतो, आणि अल्फा कण म्हणजेच हेलियमचं केंद्रक. निम्मं युरेनियम मोडायला ४४७ कोटी वर्षं लागतात. पृथ्वीवर आज जत्रेतल्या फुग्यात आणि रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रात जो हेलियम असतो, तो जवळजवळ सगळा असा खडकांत अणू-अणूने साठलेला आहे. आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतून जो वायू येतो, त्यात नायट्रोजनसोबत हेलियमचाही अंश असतो. बेसॉल्टच्या खाली असलेल्या फार जुन्या पाषाणात तो मुरत राहिलेला असतो. म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या तीन कुळ्या आहेत: विश्वाच्या पहिल्या मिनिटांतली, सूर्याच्या पोटातली, आणि आपल्या जमिनीतली. तिन्हींची रेषा ५८७.६लाच पडते.

हवेत हेलियम असतो दहा लाखांत पाच भाग. आपण अर्धा लिटर श्वास घेतला, तर त्यात हेलियमचे जे अणू येतात त्यांची संख्या ६ वर १६ शून्यं, लीलावतीच्या यादीत सहा मध्य. दर श्वासाला.

विजयदुर्गच्या ओट्यांपाशी १८६८च्या जोडीने १८९८ हे सालही लिहावं, गुंटूरच्या जान्सेन यांचं नाव घ्यावं, आणि २२ जानेवारीलाही गडावर लोकांना बोलवावं, असं मला फार वाटतं. त्या दिवशी पदवीच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक वर्णपटमापक आणि हेलियम भरलेली काचेची नळी तिथे न्यावी. देवगड-राजापूरकडच्या मुलांनी रांगेने डोळा लावावा, पिवळी रेषा स्वतः बघावी, तिचा कोन मोजून वहीत लिहावा, आणि तीच रेषा भर दुपारच्या सूर्याच्या कडेवर कशी शोधली गेली हे तिथेच कोणीतरी त्यांना समजावून सांगावं. त्यासाठी ग्रहणाची वाट बघायला नको. ती गरज गुंटूरला १९ ऑगस्ट १८६८ रोजीच संपली.